पांढरी खिडकी

नाबर बिल्डिंगला नव्वद वर्षं झाली म्हणून अनुजा तिच्या इतिहासाची पुस्तिका लिहायला बसली होती. मालवण बंदरावरची ही तीन मजली इमारत १९३४ सालची. कुठल्या खोलीत कोण राहून गेलं, कोण डॉक्टर झालं, कोण आमदार, सगळं तिने खोदून काढलं. आपल्या स्वतःच्या बारा नंबरपाशी मात्र पेन अडलं. सासरे, म्हणजे भाई, पोस्टात चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. विक्षिप्तपणा एकच. साऱ्या इमारतीच्या खिडक्या तपकिरी, पण दर नारळी पौर्णिमेआधी भाई आपली समुद्राकडची खिडकी पांढरीशुभ्र रंगवायचे. त्यावरून मालकाशी तीनदा वाजलं, तरी ऐकलं नाही. यंदा मृगात भाई गेले. पुस्तिकेच्या फोटोसाठी अनुजाने ती खिडकी तपकिरी करून घेतली आणि लिहिलं, ‘खोली बारा : विशेष काही नाही.’

नारळी पौर्णिमा उलटली आणि एक म्हातारा मच्छीमार तीन जिने चढून धापा टाकत दारात उभा राहिला.

"भाई रवतत ती हीच खोली मा?"

"हो. आपण?"

"मी तळाशील गावचो. होडी खडकांतसून आत घेतना आमी सगळे तुमची पांढरी खिडकी बघून येतंव. चाळीस वर्सां झाली. औंदा ती दिसली नाय गो बाय." त्याने पिशवीतून पांढऱ्या रंगाचा डबा काढला. "म्हटलंय, भाईंका आता जमणा नसात."