फाइलचं नाव

शुक्रवार पेठेतल्या एका छोट्या ऑफिसात अक्षता आणि अतीक चादरींच्या एका कारखान्याची वेबसाइट तयार करत होते. गिऱ्हाइकाने नमुना डाउनलोड केला की फाइलला कोणतं नाव मिळावं, ते ठरवणारी ओळ अक्षताने लिहिली होती. ‘चादर’ आणि पुढे नमुन्याचा नंबर.

दुपारी सव्वा वाजता तिने पहिला नमुना उतरवून पाहिला. फाइलचं नाव होतं ‘ऊट-आयता’.

“म्हंजे?” अतीकने विचारलं.

“कन्नड आहे. जेवलीस का.” अक्षता थांबली. “अव्वा मंद्रूपहून रोज याच वेळेला फोन करून विचारायची.”

तो फोन बंद होऊन पाच महिने झाले होते. अव्वाला, म्हणजे तिच्या आईला, जाऊनही तेवढेच.

अतीकने ओळ तपासली. “हितं तर चादरच हाय की. मजाक करतीस काय गं?”

पुन्हा डाउनलोड केलं. पुन्हा तेच नाव.

“पाचला साइट द्यायचीय. ती ओळच काढून टाकतो.”

“थांब ना. एकदाच.”

अक्षताने स्वतःच ओळ पुसली आणि तिथे लिहिलं, ‘होय-अव्वा-जेवले’. मग बटण दाबलं.

फाइल उतरायला या वेळी जरा वेळ लागला. नाव आलं, ‘खोटं-बोलू-नको-डबा-उघड’.

अक्षताने खुर्चीखालची पिशवी ओढली आणि सकाळी सातला स्वतः भरलेला डबा बाहेर काढला.

हाताला चटका बसला.