खोली मोठी दाखवणारा रंग

कपात चमचा किणकिणला, तेव्हा कुठे सकाळपासूनचा अबोला मोडला. नवऱ्याने रंगांचं शेडकार्ड तिच्यापुढे सरकवलं. "गडद निळा. माझं ठरलंय."

"राहायची खोली आहे, गुहा नाही. फिका पिवळाच लावायचा."

"लाव की! आईची खाट हलवलीस, आता भिंतीही तुझ्याच मनासारख्या."

दाराशी ताटकळलेला रंगारी खाकरला. "वहिनींचं बरोबर आहे, साहेब. गडद रंगाने खोली अंगावर येते. फिक्यात हीच खोली दुप्पट दिसेल."

"ऐकलंस?" ती म्हणाली. नवरा चहा तसाच टाकून उठला. त्याच्या पाठीला ऐकू जाईल अशा आवाजात तिने सांगून टाकलं, "फिकाच लावा, भाऊ."

कोपऱ्यात भातुकली मांडून बसलेली लेक धावत येऊन तिला बिलगली. "आई, खोली खरंच मोठी होणार?"

"हो गं माझ्या राणी, खूप मोठी." तिने लेकीच्या कपाळावरची बट हळूच मागे सारली.

"जागा पुरत नाही म्हणून तू आजीला काकांकडे पाठवलंस ना? मग आता मावेल ना गं आजी?"