लाल खूण

नेच्याच्या, म्हणजे फर्नच्या, दोन जाती वरून इतक्या सारख्या, की बघणारा हमखास फसावा. फरक कळायचा तो फक्त पानामागच्या तपकिरी ठिपक्यांवरून. आम्रपाली तीन वर्षं त्यातला दुर्मीळ नेचा शोधत होती आणि कोयनानगरच्या वरच्या घाटात तिला तसं वाटणारं एकच रोप सापडलं. पण पानं कोवळी होती, ठिपके धरायला अजून दोन महिने होते. जागा चुकू नये म्हणून तिनं शेजारच्या दगडावर लाल ऑइलपेंटचा ठसठशीत टिळा ओढला आणि ती आष्ट्याला घरी गेली.

दोन महिन्यांनी येऊन बघते तर दगडाला शेंदूर, झेंडूची माळ, पुढ्यात फोडलेला नारळ. भोवतीची जमीन शेणानं सारवलेली.

"मावशी, इथलं रोप कुठंय?" तिनं उदबत्ती लावत बसलेल्या म्हातारीला विचारलं.

"द्येव परगटला, आन् भवतीनं नुसतं रान माजल्यालं. म्या समदं मुळासकट उपटून काढलं बघ," म्हातारी कौतुकानं म्हणाली.

आम्रपाली गुडघ्यांवर बसून सारवलेली जमीन बोटांनी चाचपू लागली.



म्हातारीनं तिच्या पाठीवर हात फिरवला. "काय हरवलंय का, पोरी? ह्या द्येवाला सांग. हमखास गावतंय."