नायट्रोजन हवा?

पत्र कोटाच्या आतल्या खिशात होतं. गेला महिनाभर तिथेच होतं. त्याला उत्तर दिलं गेलं नव्हतं, आणि ज्यांनी ते लिहिलं होतं त्या बाई या क्षणी गाडीत शेजारी बसून संत्रं सोलत होत्या.

पत्र चारच ओळींचं. बाईंनी जन्मभर छापखान्यात पुस्तकांची बांधणी केली होती. पानं थोडी असली तरी शिवण पक्की, ही त्यांची रीत. लेक तिच्या गावी कायमचं राहायला बोलावते आहे, खोलीही रिकामी करून ठेवली आहे, असं त्यांनी कळवलं होतं. शेवटची ओळ अशी होती: ‘या वयात तुम्हाला सोबत हवी का? उत्तर लेखी द्या, तोंडी तुम्हाला जमायचं नाही.’

लेखीही जमलं नव्हतं. ज्यांच्या खिशात पत्र होतं ते गृहस्थ त्याच छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात हयात गेली, आणि स्वतःचं वाक्य पुरं करायचं धैर्य राहिलं नाही. शेवट जवळ आला की एक ‘पण’ आडवा यायचा. छापखान्यात सगळे त्यांना स्वल्पविराम म्हणत. उत्तराचे सगळे खर्डे ‘आपले पत्र मिळाले,’ इथवर येऊन अडले. शेवटी ती खोली बघून लेकीला होकार द्यायचा दिवस उजाडला. बाईंनी पत्राचा विषय पुन्हा काढला नव्हता. त्यांना सोडायला गाडी मात्र स्वल्पविरामच घेऊन निघाले होते.

रस्ता लांबचा, ऊन कडक. म्हणून ते आधी टायरच्या दुकानात थांबले. टायरवाली बाह्या सरसावत आली. तिने चारही टायर तपासले आणि नाक मुरडलं. दुकानात दोन यंत्रं होती. एक जुनं, साध्या हवेचं, फुकट. दुसरं नवं कोरं, पैसे घेणारं. तिने नव्याकडे बोट केलं.

“काका, नायट्रोजन हवा?”

स्वल्पविरामांनी चष्मा पुसला. नायट्रोजन टायरमधून सावकाश झिरपतो, त्यात ओल नसते, असं त्यांनी वाचलं होतं. जो माणूस हवा वेळच्या वेळी तपासतो त्याला त्याचा फारसा फायदा नाही, असंही वाचलं होतं. दोन्ही बाजू नीट मांडणं भाग होतं. त्यांनी घसा साफ केला.

“हवा,” ते म्हणाले, आणि दम घ्यायला थांबले.

त्यांचा तो स्वल्पविराम होता. टायरवालीला पूर्णविराम ऐकू आला. ती खाली बसली, पुढच्या टायरचं टोपण काढून तिने आतली पिन दाबली, आणि फुस्स करून टायर रिकामा झाला.

“...म्हणजे तरी काय, तिच्यात पाचातले चार भाग नायट्रोजनच असतो, त्यामुळे...” स्वल्पविरामांचं वाक्य अजून चालूच होतं.

टायरवालीने मान वर केली. आताच तर हवा म्हणालात, ती म्हणाली. आपण साध्या हवेबद्दल बोलत होतो, असं त्यांनी ओशाळून सांगितलं. मग हा नको का, असं तिने विचारलं. त्यांनी पुन्हा चष्मा काढला.

“भर गं तू,” बाई खिडकीतून म्हणाल्या. “त्यांच्या तोंडून एकदाचं हवा निघालंय. मागे फिरायच्या आत भर.”

टायरवाली हसत नळी ओढायला गेली. एकेका टायरला हिरवं टोपण बसू लागलं. बाईंनी संत्र्याच्या दोन फोडी त्यांच्या हातावर ठेवल्या.

“चार भाग तो आधीपासूनच आत असतो म्हणालात?”

“हो. जवळजवळ.”

“मग एवढा खल कशाचा? उरलेल्या पाचव्याचा?”

ते उत्तर द्यायला गेले आणि थांबले. या खेपेला ‘पण’ आडवा आला नव्हता. सकाळचा चहा ते बाईंकडे घेत. दुपारी बाई त्यांच्याकडे येत, ते वाचून दाखवत आणि त्या फाटकी पुस्तकं शिवत. त्यांचा वाचायचा चष्मा बाईंच्या खिडकीत पडलेला असे, बाईंची छत्री यांच्या दारामागे. संध्याकाळचा फेरफटका दोघांचा. रात्री दोन दारांना दोन कड्या लागत, तेवढंच काय ते उरलं होतं.

ते गाडीतून उतरले. टायरवालीला पैसे दिले. बरोबर आणलेल्या पुस्तकात खूण म्हणून एक पोस्टकार्ड होतं. त्यावर पत्ता लिहिलेला होता आणि मजकुराची बाजू कोरी होती. ते गाडीच्या टपावर ठेवून त्यांनी काहीतरी खरडलं. फार वेळ लागला नाही. इतका कमी लागला, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

कोपऱ्यावर टपालपेटी होती. त्यांनी गाडी अगदी कडेला घेतली.

“पेटी तुमच्या बाजूला आहे,” ते समोर बघत म्हणाले. “एवढं टाकता का?”

बाईंनी कार्ड घेतलं. पत्ता त्यांच्याच घरचा होता. त्यांनी ते उलटवलं. मजकूर एका शब्दाचा होता: हवी. बाईंनी तो वाचला, पुन्हा वाचला, मग कार्ड डोळ्यांजवळ नेलं.

“पुढे हा ठिपका कसला? शाई सांडली?”

“नाही. पूर्णविराम आहे.”

बाईंनी कार्ड मांडीवर नीट ठेवलं. मग लेकीला सांगून संध्याकाळपर्यंत परत फिरता येईल ना, असं त्यांनी विचारलं. येईल, असं ते म्हणाले, आणि त्यापुढे काहीच म्हणाले नाहीत. बाईंनी संत्र्याचे हात रुमालाला पुसले, आणि खिडकीतून वाकून स्वतःला आलेलं उत्तर स्वतःच्याच हाताने पेटीत टाकलं.