चिमट्यांचा डबा

गणपतीच्या मंडपाच्या दारातल्या फ्लेक्सवर दुर्गाला आपलंच अक्षर दिसलं.

‘नाही गं सांगणार कुणाला. चादर धुऊन टाकली. शप्पथ. तुझी आई.’ किराणाच्या बिलामागे घाईघाईत खरडलेल्या ओळी आता माणसाएवढ्या झाल्या होत्या. खाली कुणा भावी नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो. आणि शेजारी, तेवढीच मोठी करून, मनवाची चिठ्ठी: ‘आई आज पण झालं. चादर पलंगाखाली लपवली. कुणाला सांगू नको. तुझी म.’

वर देखाव्याचं नाव झळकत होतं, ‘मोबाईल सोडा, मुलांशी बोला’. आत दोऱ्या बांधून बाकीच्या चिठ्ठ्या वाळत घातल्या होत्या, दुर्गाच्याच घरातल्या हिरव्या-पिवळ्या चिमट्यांनी.

गॅलरीतला चिमट्यांचा डबा ही मायलेकींची खास जागा. सकाळी दुर्गा परळच्या हॉस्पिटलात बिलिंगवर जायला निघे तेव्हा मनवा झोपलेली असे. जे तोंडाने बोलायची लाज वाटे ते पोर कागदावर लिहून डब्यात टाके, आणि संध्याकाळी कपडे काढताना दुर्गा तिथेच उत्तर ठेवी. उन्मेषने लग्नापासून या घरात साधा हातरुमाल वाळत घातला नव्हता, त्यामुळे डबा तिजोरीपेक्षा सुरक्षित. पण मंडळाच्या दोऱ्यांना चिमटे हवेत म्हणताच बरा सापडला त्याला डबा!

“कसं वाटलं?” उन्मेष मंडळाचा टी-शर्ट घालून, घामाने निथळत पुढे आला. यंदाच्या सजावटीचा प्रमुख. “सरप्राइज! लोक रडतायत अगं.”

“तू वाचलंस हे?”

“म्हणजे काय! कितीदा तरी.”

“आणि पोरीला काय होतंय ते विचारायचं सोडून तुला देखावा सुचला.”

“नाव कुठे टाकलंय? नुसतं ‘म’ आहे. कुणीही असेल.”

एवढ्यात खालच्या मजल्यावरचा अनिश फ्लेक्ससमोर उभा राहून बोट फिरवत वाचायला लागला. वाचून झालं आणि तो खिदळत मित्रांकडे वळला. “अरे, ही मनवा! मनवा अजून गादीत शू करते!” आयांनी पोरांना दटावलं खरं, पण पदराआड त्याही हसल्या.

दुर्गाला शिसारी आली. त्या हसण्याची, फ्लेक्सवरच्या त्या जोडलेल्या हातांची, आणि सगळ्यात जास्त समोरच्या या खूश चेहऱ्याची.

“मनवा क्लासवरून यायच्या आत उतरव हे सगळं.”

“वेडी झालीस का? परीक्षक आलेत. पहिला नंबर आपलाच आहे यंदा. घरातलं भांडण घरी करू.”

घरातलं घरी! हसावं की थुंकावं तिला कळेना. त्याला बाजूला सारून ती आत घुसली आणि दोरीवरच्या चिठ्ठ्या ओरबाडायला लागली. चिमटे टपाटप खाली पडले. तिला कुणी अडवलं नाही. उलट गर्दीतून मोबाईल वर आले. “लाइव्ह नाटक पण आहे वाटतं,” कुणीतरी कौतुकाने म्हणालं.

“काय गोड लिवता गो तुझां चेडू!” पोरीचं कौतुक करत शेजारच्या बकुळाकाकी डोळे पुसत आल्या. क्लासवरून आणलेली मनवा त्यांचं बोट धरून होती.

मनवा फ्लेक्ससमोर थांबली. आधी स्वतःची चिठ्ठी वाचली. मग आईची शप्पथ वाचली. मग आईकडे बघितलं. आईच्या मुठीत सगळ्या चिठ्ठ्या होत्या.

“तू दिल्यास?”

“नाही गं बाळा, मी नाही…”

पुढचं लाऊडस्पीकरने खाल्लं. परीक्षकांचं स्वागत सुरू झालं होतं. छातीवर बिल्ला लावलेल्या एक बाई लगबगीने पुढे आल्या आणि मनवासमोर वाकल्या. “हीच का ती ‘म’? किती क्यूट! बाळा, आज आईला काय लिहिशील?”

कोरं कार्ड आलं, स्केचपेन आलं. दुर्गा पुढे सरकली तर उन्मेषने तिचा दंड धरला आणि दुसऱ्या हाताने मोबाईल रोखला.

घरी लिहिताना मनवा नेहमी कागदावर आडवा हात धरायची. आज धरला नाही. टेबलावर कार्ड सरळ ठेवून, शाळेत लिहिते तसं, सावकाश आणि वळणदार लिहिलं. बाईंनी ते माइकवर वाचून दाखवलं.

‘माझी आई खूप चांगली आहे. ती मला खूप आवडते.’

टाळ्यांचा कडकडाट झाला. उन्मेषने पायाशी पडलेला एक चिमटा उचलला, कार्ड दोरीला लावलं आणि दुर्गाच्या कानाशी येऊन म्हणाला, “बघ. तिला काहीसुद्धा वाटलेलं नाही. उगाच तमाशा करतेस.”

दुर्गा कार्डाकडे बघत राहिली. खाली सही होती: कु. मनवा उन्मेष परब, इयत्ता दुसरी, तुकडी ब.

डब्यातल्या एकाही चिठ्ठीवर मनवाने आडनाव लिहिलेलं नव्हतं.