चादरींचा थांबा

हेमांगी बांबूची पहिली दोरी कोयत्यानं कापणार, तोच मागून आवाज आला, "काय ओ ताई, आमचं छप्पर का मोडायलाय?"

बांगड्यांची टोपली उतरवून चंद्रव्वा सावलीत बसलेल्या माणसांत टेकली.

नऊ दिवसांपूर्वी सोलापूरच्या या उघड्याबोडक्या रस्त्यावर हेमांगीनंच जुन्या फुलाफुलांच्या चादरींचा हा बसथांबा उभारला होता. पाटीही तिचीच : 'इथे कोणतीही बस थांबत नाही.' वीस वर्षं शहरोशहरी कला म्हणून असंच काहीबाही मांडायचं, नवव्या दिवशी मोडायचं आणि रिकाम्या जागेचा फोटो काढायचा, हे तिचं व्रत. मागे काही उरू देत नाही, म्हणूनच तर तिचं नाव झालं होतं. आज तो फोटो गेला नाही, तर पुढच्या शहराचं बोलावणं हुकणार होतं.

"मावशी, पाटी वाचली नाहीत?"

"वाचली की! पण सावलीला बसलेली एवढी माणसं बघून डायव्हरलाच लाज वाटली. तिसऱ्या दिवसापासनं थांबतोय बघा. छप्पर गेलं की तोबी जाईल सुसाट."

तेवढ्यात बस आली आणि पाटीसमोरच गुमान उभी राहिली. हेमांगीनं कोयता खाली ठेवला आणि चंद्रव्वाची टोपली वर चढवून दिली. सगळ्यांना घेऊन बस निघून गेली.

वाऱ्यावर चादरींची फुलं तेवढी हलत राहिली. हेमांगीनं फोटो काढला आणि पाठवून दिला. जागा रिकामीच होती. फक्त वीस वर्षांत पहिल्यांदाच रिकाम्या जागेला छप्पर होतं.