इंजिनखालचा कोपरा

“लाल नको,” प्रीतम म्हणाला आणि मावा चोळलेला अंगठा त्यानं स्क्रीनवर टेकवला.

अंगठा उचलला. डाग राहिला.

हाटकेश वसाहतीतल्या त्या होड्यांच्या गाळ्यात क्षितिजाला सगळ्याचीच किळस यायची. नाकात बसणारा रेझिनचा वास. टेबलामागच्या पिचकाऱ्या. आणि हा मालक. होडी साच्यात घालण्याआधी ती कॉम्प्युटरवर चालवून बघणं, हे तिचं काम. काचेचं कापड साच्यात कसं बसेल, हवा ओढल्यावर रेझिन, ते सुकून कडक होणारं रसायन, त्यात कुठवर जाईल. पोचलं तिथे हिरवं, नाही तिथे लाल. इंजिनखालच्या कोपऱ्यात कापडाला घड्या पडत होत्या. रेझिन जातच नव्हतं. आत कोरडं. लाल. वरून कधीच दिसणार नाही, आणि लाटांनी आपटून एक दिवस तिथेच फुटेल.

तिनं हे सगळं सांगितलं. त्यानं जांभई दिली.

“मामाची होडी आहे, मॅडम. उद्या मला लाल दिसता कामा नये. काय बदलायचं ते बदला.”

सख्ख्या मामालाही सोडत नाही. असे मालक तिनं पाहिले होते. चित्र हवं असतं त्यांना.

घे मग चित्र.

कॉम्प्युटरमध्ये रेझिनचा दाटपणा तिनं पाण्याइतका केला. एक खोटा आकडा, बस. स्क्रीन हिरवी झाली, गटारावरच्या शेवाळासारखी. तिनं हात धुतले. पुन्हा धुतले.

होडी बनली. रंगली.

उत्तनच्या धक्क्यावर नारळ फुटला. आत्माराममामा म्हणाले, आमच्या घरात होडी बनवणारा पयल्या फेरीला बसतो, न्हाय तर ती दर्यात जात न्हाय. क्षितिजानं प्रीतमकडे पाहिलं. आता याला घाम फुटेल. आता खोटा फोन येईल. ती चवीनं वाट बघत राहिली.

प्रीतमनं चपला काढल्या. आत उतरला. मग हात देऊन आईलाही घेतलं. जिजाबाई घाबरत घाबरत इंजिनजवळ टेकल्या.

“भितेस कशाला, आये? एका कोपऱ्यात खोट निघालेली. होडी देत न्हाय, असंच मामाला सांगणार होतो मी. मला काय त्यातलं कळत न्हाय. पण मॅडमनी सुधारली.”

मग धक्क्याकडे वळून, हसत:

“मॅडम, दोर सोडा.”

क्षितिजानं खुंटाला दोराचा आणखी एक वेढा दिला.

“आधी आईंना उतरवा,” ती म्हणाली.